बालवर्गातली विकासाची उद्दिष्टं: लिहायची कशी आणि रोजच्या दिवसात आणायची कशी

बालवर्गाचं वार्षिक नियोजन उघडलं की पहिल्या पानावर हमखास अशी वाक्यं भेटतात: ‘मुलांचा सर्वांगीण विकास साधणे’, ‘भाषिक कौशल्ये वृद्धिंगत करणे’, ‘सामाजिक जाणीव निर्माण करणे’. त्यात चूक काही नाही, पण सोमवारी सकाळी वर्गात पाऊल टाकताना त्यांचा उपयोगही काही नाही. एक मूल रडतंय, दोघं एकाच गाडीवरून भांडताहेत, एक खिडकीशी एकटंच उभं आहे. यातल्या कोणाला आज काय द्यायचं, हे त्या पानावरून कळत नाही.

उद्दिष्टाचं काम साधं आहे. शिक्षिकेने कुठे बघायचं आणि त्यानंतर काय करायचं, हे त्याने सांगावं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात अशी उद्दिष्टं कशी तयार करायची, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

पायरी १: लेखणी उचलण्याआधी दोन-तीन आठवडे नुसतं बघा

वर्ष सुरू झाल्या झाल्या उद्दिष्टं लिहायला बसू नका. खेळाचे कोपरे मांडा, मुलांना मोकळं सोडा आणि बघत राहा. मूल दारातून आत कसं येतं? सोडायला आलेल्या मोठ्या माणसापासून सुटं व्हायला त्याला किती वेळ लागतो? काही हवं असेल तर तोंडाने मागतं, बोट दाखवतं की सरळ हिसकावतं? हातातलं काही बिघडलं, पडलं, तर पुन्हा करतं की सोडून देतं?

खेळ कोणासोबत चालतो, हेही टिपा. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेली वर्गवारी यासाठी अजूनही कामाला येते: लांबून बघणं, एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, वस्तूंची देवाणघेवाण करत खेळणं, आणि सगळ्यांनी मिळून एक खेळ उभा करणं. मात्र ही शिडी समजू नका. पाच वर्षांचं मूल तासभर एकटं बसून काही रचत असेल तर ते मागे पडलेलं नसतं, रंगलेलं असतं. कायम लांबूनच बघणारं आणि कोणी बोलावलं तरी न येणारं मूल वेगळं. त्याच्याकडे लक्ष हवं.

एकाच वर्गातल्या सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान मुलात जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. चार वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे चौथा हिस्सा. म्हणून हजेरीपटावर प्रत्येक नावापुढे वय वर्षं आणि महिन्यांत लिहून ठेवा.

पायरी २: क्षेत्रं ठरवा, पण त्यांच्या भिंती करू नका

शरीर आणि हालचाल, भाषा, विचार आणि गणित, भावना आणि इतरांशी वागणं, कला आणि कल्पना हे नेहमीचे पाच कप्पे. मी सहावा जोडते: शिकण्याची रीत. म्हणजे एखाद्या कामाला चिकटून राहणं, अडलं की दुसरा मार्ग शोधणं, थांबता येणं. पुढच्या शाळेत सगळ्यात जास्त हेच लागतं आणि नियोजनात नेमकं हेच सुटतं.

कप्पे लिहिण्यापुरते. ‘सोमवारी भाषा, मंगळवारी गणित’ अशी वाटणी या वयात करू नये. पाण्याच्या टबाशी दोन मुलं उभी आहेत, एक छोट्या पेल्याने मोठा मग भरतंय आणि दुसरं ‘अजून दोन लागतील’ म्हणतंय. यात हात आहेत, मोजणी आहे, अंदाज आहे, बोलणं आहे, आपली पाळी येईपर्यंत थांबणंही आहे.

प्रत्येक मुलासाठी एका सत्रात तीन-चार उद्दिष्टं पुरतात. चाळीस ओळींची यादी भरणाऱ्या शिक्षिकेचा वेळ यादीतच जातो.

पायरी ३: डोळ्यांना दिसेल असं वाक्य लिहा

कसोटी अशी: दोन शिक्षिकांनी त्याच मुलाला वेगवेगळं पाहिलं आणि ‘हे त्याला जमतं का?’ असं विचारलं, तर दोघींचं उत्तर एकच यायला हवं. ‘समजणे’, ‘जाणीव होणे’, ‘आवड निर्माण होणे’ ही क्रियापदं इथे नापास होतात. ‘देते’, ‘सांगतो’, ‘ओवते’, ‘थांबतो’, ‘मागते’ ही पास होतात.

‘सहकार्याची भावना वाढणे’ याऐवजी लिहा: ‘हवी असलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात असेल तर हिसकावण्याआधी तोंडाने मागतो, बहुतेक वेळा.’ शेवटचे दोन शब्द विसरू नका. लहान मूल कुठलीच गोष्ट दर वेळी करत नाही. आपणही करत नाही.

संख्येचं उदाहरण जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण सर्वांत जास्त फसगत तिथेच होते. चार वर्षांची एक मुलगी न अडखळता वीसपर्यंत म्हणून दाखवते. घरचे खूश, वहीत बरोबरची खूण. आता तिच्यासमोर ठोकळ्यांची टोपली ठेवा आणि म्हणा, ‘मला चार दे.’ ती मूठभर उचलून देते. ‘हे चार आहेत का?’ विचारलं की ती एकेकाला बोट लावत ‘एक, दोन, तीन, चार, पाच, सहा’ म्हणते आणि हसून ‘हो’ म्हणते. तिने गाणं पाठ केलं आहे. त्या गाण्यातला शेवटचा शब्द सगळ्या ढिगाचं उत्तर असतो, हे अजून उलगडलेलं नाही.

रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजणीमागची जी तत्त्वं मांडली, त्यात एकेका वस्तूला एकेकच अंक देणं, अंकांचा क्रम न बदलणं आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या हे ओळखणं, ही पहिली तीन. मुलं आधी फक्त ‘एक’चा अर्थ पकडतात, काही महिन्यांनी ‘दोन’चा, मग ‘तीन’चा, आणि त्यानंतर कधीतरी मोजणीची युक्तीच हाती लागते. म्हणून ‘वीसपर्यंत अंक म्हणते’ हे उद्दिष्ट लिहूच नका. त्याऐवजी:

- ‘दोन दे’ म्हटल्यावर दोनच देते. ‘तीन दे’ म्हटल्यावर तीनच.
- पाच वस्तू मोजताना कुठली सोडत नाही, कुठली दोनदा मोजत नाही.
- मोजून झाल्यावर ‘किती आहेत?’ विचारलं तर पुन्हा पहिल्यापासून न मोजता उत्तर देते.
- पाचपर्यंत मागितलेली कुठलीही संख्या ढिगातून मोजून काढते.

ओळीतल्या वस्तू पसरवून ठेवल्या तरी संख्या तेवढीच राहते, हे बऱ्याच मुलांना पाच-सहाच्या पुढे ठामपणे कळतं. चार वर्षांच्या मुलासाठी ते उद्दिष्ट ठेवून उगाच स्वतःला त्रास करून घेऊ नका.

पायरी ४: वयाचे टप्पे जवळ ठेवा, पण मुलावर मारू नका

ढोबळ अंदाजासाठी काही खुणा लागतातच. तीन वर्षांच्या आसपास मूल निदान दोनदा आलटून पालटून बोलत संभाषण करतं, ‘कोण’, ‘कुठे’, ‘का’ विचारतं, दाखवलं तर गोल काढतं, मोठे मणी ओवतं. चारच्या आसपास चार किंवा जास्त शब्दांची वाक्यं येतात, मोठा चेंडू बऱ्याचदा झेलता येतो, क्रेयॉन मुठीत न धरता बोटं आणि अंगठ्यात धरला जातो, माणसाच्या चित्रात तीन तरी अवयव असतात. पाचच्या आसपास एका पायावर उड्या मारता येतात, दोन घटनांची तरी गोष्ट सांगता येते, साधं यमक जुळवता येतं, आणि एखाद्या कामात पाच-दहा मिनिटं लक्ष टिकतं. हो, पाच-दहाच. तीस मिनिटांचा परिपाठ आखणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

हे टप्पे वाचायचे कसे, हेही महत्त्वाचं. अमेरिकेच्या सेंटर्स फॉर डिसीज कंट्रोल अँड प्रिव्हेन्शन या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये आपली टप्प्यांची यादी सुधारली. तेव्हापासून एखाद्या वयापुढे तीच गोष्ट लिहिली जाते, जी त्या वयाच्या ७५ टक्के किंवा जास्त मुलांना जमायला हवी. आधीच्या याद्या बहुधा निम्म्या मुलांच्या हिशोबाने असत, त्यामुळे ‘थांबून बघू’ म्हणणं सोपं जाई. आता टप्पा चुकला तर किमान विचारपूस करावी, असा त्याचा अर्थ. निदान करणं हे मात्र शिक्षिकेचं काम नाही.

याच जागी वहीत अक्षरं गिरवण्याबद्दल बोलायला हवं. बघून काढण्याच्या आकारांचा साधारण क्रम असा: तीनच्या आसपास गोल, चारच्या आसपास अधिकचं चिन्ह, साडेचारच्या सुमाराला चौकोन, पाचच्या आसपास त्रिकोण. ज्या मुलाला अजून चौकोनाचा कोपरा वळवता येत नाही, त्याच्याकडून गाठी, वेलांट्या आणि वळणांची अक्षरं पानभर काढून घेण्यात काय हशील? त्या वेळात माती मळणं, चिमट्याने कापसाचे गोळे उचलणं, उभ्या फळ्यावर मोठ्या ब्रशने रंगवणं झालं, तर हात लिहायला लवकर तयार होतो.

पायरी ५: आज जमतंय त्याच्या एक पाऊलच पुढे

मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांचं म्हणणं शिक्षिकेच्या भाषेत सांगायचं तर असं: मुलाला एकट्याने जमतं ते एक, कितीही मदत केली तरी जमत नाही ते दुसरं, आणि थोड्या मदतीने जमतं ते तिसरं. उद्दिष्ट या तिसऱ्या पट्ट्यातून निवडायचं.

कात्रीचं घ्या. ‘कात्री वापरता येते’ हे एक उद्दिष्ट नाही, पाच-सहा आहेत. आधी एका हाताने चिमटा उघडणं-मिटणं. मग अरुंद पट्टीचा एका कापात तुकडा पाडणं. मग कात्री न काढता दोन-तीन काप सलग पुढे नेणं. मग जाड रेघेवरून सरळ कापणं. मग वळण. वळणाशी आल्यावर खरं काम दुसऱ्या हाताचं असतं: कात्री जागच्या जागी आणि कागद फिरतो. मुलाचं कोपर बाहेर फाकलेलं आणि अंगठा खाली गेलेला दिसला तर ‘अंगठा आकाशाकडे’ एवढंच सांगा. कागद पातळ नको, तो वाकतो. कार्डासारखा जाडसर द्या. डावखुऱ्या मुलाला डाव्या हाताची कात्री द्या, नाहीतर दोष कात्रीचा आणि नाव मुलाचं.

जमलं की मदत काढून घ्यायची. हे बहुतेक जणी विसरतात. महिनाभर हात धरून कापून घेतलेलं मूल हात धरण्याचीच वाट बघतं.

पायरी ६: उद्दिष्टांना वेगळा तास देऊ नका

दिवस ठरलेलाच असतो: येणं, गोलात बसणं, कोपऱ्यांतला खेळ, बाहेर खेळणं, हात धुणं, खाणं, गोष्ट, घरी जाणं. उद्दिष्टं त्यातच बसवायची. नियोजनाच्या तक्त्यावर एका बाजूला दिनक्रम आणि समोर ‘इथे काय बघायचं’ असा रकाना काढा. बहुतेक उद्दिष्टांना जागा आपोआप मिळते.

हात धुण्याच्या रांगेत नावांना टाळ्या वाजवा: का-स-व तीन, ह-त्ती दोन. आधी यमक, मग शब्दाचे तुकडे, मग पहिलं अक्षर ओळखणं, असा हा कानाचा प्रवास आहे आणि वाचनाचा पाया इथेच पडतो. खाण्याच्या वेळी ‘प्रत्येकाला एक ताटली’ ही मोजणी आहे. संगीत थांबलं की मूर्ती व्हायचं, हा खेळ थांबता येण्याचा सराव आहे. मुलं तरबेज झाली की नियम उलटा करा: संगीत सुरू असताना मूर्ती, थांबल्यावर नाच. आता अंगवळणी पडलेलं रोखून वेगळंच करायचं असतं. मुलं चुकतात आणि खदखदून हसतात, ते चालू द्या.

गोष्टीच्या वेळी सलग वाचून पुस्तक मिटू नका. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या संवादी वाचनात गोष्ट हळूहळू मुलाच्या तोंडी जाते. मोठ्या माणसाने विचारायचं, मुलाने सांगायचं, त्याच्या वाक्यात एकदोन शब्दांची भर घालून परत द्यायचं. ‘कुत्रा पळाला.’ ‘हो, घाबरून कुत्रा झाडामागे पळाला. का घाबरला असेल?’ पाच-सहा मुलांच्या गटात हे छान होतं, वीस जणांत होत नाही.

बाहेरच्या खेळावर कात्री लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी. बसून पडदा बघणं तासाभरापेक्षा जास्त नको. शाळेचे तीन-चार तास बसण्यातच गेले तर हा हिशोब जुळणार कधी?

भांडण हीसुद्धा शिकण्याची वेळ

भावनांचं आणि वागण्याचं उद्दिष्ट कागदावर सगळ्यात गोड आणि वर्गात सगळ्यात अवघड. दोन मुलं, एक गाडी. मोठी माणसं सहसा दोन गोष्टी करतात: गाडी काढून घेतात किंवा ‘सॉरी म्हण’ म्हणतात. तीन वर्षांच्या मुलाला समोरच्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही चाललं असेल, हे पुरतं कळलेलं नसतं. हेन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांच्या १९८३ च्या प्रसिद्ध प्रयोगात दुसऱ्याला चुकीची माहिती असू शकते हे तीन वर्षांच्या मुलांना ओळखता आलं नाही, चारच्या पुढे मात्र बऱ्याच मुलांना येऊ लागलं. तेव्हा तीन वर्षांच्या मुलाच्या ‘सॉरी’ला फारसा अर्थ नसतो.

त्याऐवजी दोघांमध्ये खाली बसा. गाडीवर हात ठेवा, काढून घेऊ नका. दिसतंय ते बोला: ‘तुला गाडी हवी आहे. त्यालाही हवी आहे. गाडी एकच आहे.’ मग थांबा. हे थांबणं कठीण असतं, पण चार-पाच वर्षांची मुलं बरेचदा स्वतःच काही सुचवतात. लहान असतील तर दोन पर्याय तुम्ही द्या. उद्दिष्टं अशी लिहिता येतील: ‘राग आल्यावर मारण्याआधी शब्द वापरतो किंवा मोठ्यांकडे येतो’, ‘मित्र रडत असेल तर जवळ जाते, काही आणून देते’, ‘मोठ्यांनी सुचवलेल्या दोन उपायांतून एक निवडतो’.

पायरी ७: नोंद थोडी, पण खरी

वीस मुलांच्या वर्गात रोज चार मुलं ठरवून घेतली तर आठवड्यात सगळी होतात. खिशात चिठ्ठ्या आणि पेन्सिल ठेवा. पाहिलं ते लिहा, मत नको.

‘आज चिडखोर होता’ ही नोंद नाही. ही आहे: ‘ठोकळ्यांचा मनोरा पडला. दोन्ही हात जमिनीवर आपटले, “माझा होता” म्हणून ओरडला. मी शेजारी बसले, बोलले नाही. थोड्या वेळाने मोठे ठोकळे खाली ठेवून पुन्हा रचायला घेतलं.’ यात राग आहे, सावरणं आहे आणि मोठं खाली, छोटं वर हा शोधही आहे. तीन उद्दिष्टांचा पुरावा एका चिठ्ठीत.

मुलाला बाजूला बोलावून ‘हा रंग कोणता, तो आकार कोणता’ अशी तपासणी शक्यतो टाळा. परक्या टेबलाशी लाजणारं मूल खेळात तीच गोष्ट दहा वेळा करून दाखवतं. घरी दुसरी भाषा बोलली जात असेल तर मुलाला येणारे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरा, नाहीतर चांगलं बोलणारं मूल अबोल ठरेल.

पायरी ८: काहीतरी अडतंय असं वाटलं तर

आधी उद्दिष्टच तपासा. पायरी फार मोठी असेल, साहित्य चुकीचं असेल, वेळ अपुरा असेल. हे बदलून काही आठवडे बघा. पण काही गोष्टींत वाट बघायची नाही: येत असलेलं बोलणं किंवा कौशल्य नाहीसं होणं, नावाने हाक मारल्यावर सहसा प्रतिसाद नसणं, चार वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसाला बहुतांश न कळणं. अशा वेळी पालकांशी लगेच बोला आणि डॉक्टरांकडे जायला सुचवा. बोलण्याची तक्रार असेल तर पहिली तपासणी कानांची.

पालकांशी बोलताना चिठ्ठ्या समोर ठेवा. ‘तुमचं मूल मागे आहे’ असं नको. ‘मी हे पाहिलं, घरी कसं असतं?’ असं विचारा. घरी दिसणारं मूल आणि वर्गात दिसणारं मूल यांत बराच फरक निघतो, आणि त्या फरकातच पुष्कळदा उत्तर असतं.

पायरी ९: सत्राच्या शेवटी

प्रत्येक मुलाच्या चिठ्ठ्या तारखेने लावा आणि प्रत्येक उद्दिष्टापुढे तीनपैकी एक लिहा: एकट्याने जमतं, मदतीने जमतं, अजून नाही. गुण नकोत, श्रेणी नकोत. मग वर्गाचा तक्ता आडवा वाचा. एकाच उद्दिष्टापुढे निम्म्या वर्गाचं ‘अजून नाही’ आलं असेल तर कोपऱ्याची मांडणी, साहित्य किंवा तुमची अपेक्षा बदलायची आहे, मुलं नव्हे. एखाद्या मुलाची एकही चिठ्ठी नसेल तर ते बहुधा शांत, त्रास न देणारं मूल असतं. पुढच्या सत्रात पहिल्या दिवशीच्या चार नावांत त्याचं नाव घाला. मूल वरच्या वर्गात जाईल तेव्हा ‘मदतीने जमतं’ या रकान्यातली उद्दिष्टं, कुठल्या मदतीने जमतं त्या एका ओळीसह, नव्या शिक्षिकेच्या हातात द्या. तिचे पहिले दोन-तीन आठवडे त्यामुळे बरेच सोपे होतील.